पोर्ट हिरवा, नेट बंद: फायबर तुटल्याचं राउटरला कळवायचं कसं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आणि सात शाखा सांभाळायच्या आहेत. मुख्य कार्यालयात दोन लिंक. पहिली फायबर, पुरवठादाराच्या ओएनटीतून (फायबरचा प्रकाश ईथरनेटमध्ये बदलणारी पेटी) राउटरच्या ईथर१ ला. दुसरी ४जी राउटरची, ईथर२ ला. मुख्य राउटर मायक्रोटिकचा, राउटरओएस ७. दोन डिफॉल्ट रूट (बाहेर जायचे मुख्य रस्ते) आहेत, फायबरचा डिस्टन्स १ आणि ४जीचा २; कमी डिस्टन्सचा आधी वापरला जातो.

ईथर१ ची केबल उपटली की लगेच ४जी लागतं. पण रस्त्यात फायबर तुटली की काहीच होत नाही. ओएनटीवर लाल दिवा लुकलुकतो आणि राउटर सगळी वाहतूक फायबरकडेच ढकलत बसतो. शाखा वायरगार्डने (इंटरनेटवरून जाणाऱ्या कूटबद्ध बोगद्याने) मुख्य कार्यालयाला जोडलेल्या, कारण सर्व्हर इथेच आहे. राउटर बदलायला लागेल का?

---

खांबावरचा

राउटर बदलू नका, त्यात काही खोट नाही. तुम्ही केबल उपटून जी चाचणी घेतली ती ओएनटी ते राउटर या दोन मीटर तांब्याची. ओएनटीचा लॅन पोर्ट म्हणजे त्याच्या पोटातला एक छोटा स्विच. वरचा प्रकाश गेला तरी त्याला वीज आहे तोवर तो पोर्ट जिवंतच राहतो. राउटरच्या दृष्टीने गेटवे (पुढचा थांबा) १९२.१६८.१.१ सुद्धा पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देतो, कारण तो पत्ता ओएनटीचाच आहे.

सिग्नल गेल्याचं तीन जागी कळू शकतं. एक, प्रकाश किंवा विद्युत सिग्नलच गेला. हे मिलिसेकंदात कळतं, पण फक्त ज्या यंत्रात ती फायबर घुसते त्यालाच. दोन, शेजारचं यंत्र बोलेनासं झालं. हे शेजाऱ्याला सतत हाक मारणाऱ्या एलएसीपी, बीएफडी, पीपीपीओईचा (पुरवठादाराकडे लॉगिन करून उघडलेल्या सेशनचा) एलसीपी इको यांना कळतं. तीन, शेजारी ठीक आहे पण त्याच्या पलीकडे रस्ता बंद. हे फक्त दूरचा पत्ता तपासूनच कळतं. तुमचं फेलओव्हर (दुसऱ्या लिंकवर जाणं) पहिल्या पायरीवर बसलंय आणि बिघाड तिसऱ्या पायरीवर होतोय.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नुसतं आरपार नेणारा) टाकून पीपीपीओई राउटरवर आणता आलं तर दुसरी पायरी फुकटात मिळते. फायबर तुटली की इकोला उत्तर येत नाही, सेशन पडतं, रूट आपोआप जातो. पण पुरवठादाराच्याच वरच्या लिंकला काही झालं तर सेशन टिकून राहतं. म्हणून तिसरी पायरी तरीही हवीच.

---

स्कोप_दहा

मायक्रोटिकवर यासाठी रिकर्सिव्ह रूट वापरतात, म्हणजे डिफॉल्ट रूटला गेटवे म्हणून दूरचा पत्ता द्यायचा आणि तो पत्ता फायबरवरूनच गाठायचा. /३२ म्हणजे तो एकच पत्ता; स्कोपचे आकडे राउटरला असा दूरचा गेटवे शोधू देतात. आयपी > रूट्समध्ये असं करा. फायबरचा गेटवे २०३.०.११३.१ धरला आहे, तुमचा जो असेल तो घाला.

पहिला रूट: गंतव्य १.०.०.१/३२, गेटवे २०३.०.११३.१, स्कोप १०.
दुसरा रूट: गंतव्य २०८.६७.२२२.२२२/३२, गेटवे तोच, स्कोप १०.
तिसरा: गंतव्य ०.०.०.०/०, गेटवे १.०.०.१, टार्गेट-स्कोप ११, चेक-गेटवे पिंग, डिस्टन्स १.
चौथा: गंतव्य ०.०.०.०/०, गेटवे २०८.६७.२२२.२२२, टार्गेट-स्कोप ११, चेक-गेटवे पिंग, डिस्टन्स २.
पाचवा: ४जीचा डिफॉल्ट, डिस्टन्स ३.

म्हणजे फायबरवरून दोन वेगवेगळे दूरचे पत्ते तपासले जातात आणि दोन्ही गप्प झाले तरच ४जी लागतं. एकाच पत्त्यावर विसंबलात तर त्या सर्व्हरने पिंगला उत्तर द्यायचं थांबवलं की तुमची चांगली फायबर उगाच बाद होईल. सार्वजनिक डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारे) सर्व्हर पिंगला उत्तर देतात ती त्यांची मेहेरबानी, हमी नव्हे.

चेक-गेटवे दर १० सेकंदांनी पिंग करतो आणि लागोपाठ दोन चुकले की गेटवे मेला असं धरतो. हिशेब २० सेकंदांचा, थोडं इकडेतिकडे. हा आकडा बदलता येत नाही. घाई असेल तर नेटवॉच (पत्त्यावर नजर ठेवणारं राउटरओएसमधलं साधन) आणि स्क्रिप्ट.

आता तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

ईथर१ वर डीएचसीपी क्लायंट (पत्ता आपोआप मागून घेणारा) असेल तर त्याचं 'ॲड डिफॉल्ट रूट' बंद करा. नाहीतर तो स्वतःचा, न तपासलेला, डिस्टन्स १ चा रूट घालून ठेवतो आणि तुमची सगळी मांडणी शोभेपुरती उरते. ईथर२ वरही तेच.

तपासायला घेतलेले पत्ते कार्यालयातल्या संगणकांना डीएनएस म्हणून देऊ नका. १.०.०.१ ला जाणारा रूट फायबरलाच खिळलेला आहे. फायबर गेली की डीएनएसही गेला. मग ४जीवर पिंग चालतो आणि एकही साइट उघडत नाही, आणि लोक तासभर ४जी राउटर बंद-चालू करत बसतात.

तिसरं कनेक्शन ट्रॅकिंगचं, म्हणजे राउटर ठेवतो त्या चालू जोडण्यांच्या नोंदींचं. मास्करेड (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यामागे झाकणारा) नियम इंटरफेस पडला की जुन्या नोंदी पुसतो. इथे ईथर१ पडतच नाही, फक्त रूट बदलतो. जुन्या नोंदी फायबरचा पत्ता घेऊन ४जीतून बाहेर पडायला बघतात. वेब ब्राउझर नवीन जोडणी करतो, त्याला फरक पडत नाही. आयपी फोन मात्र दर २०-३० सेकंदांनी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) पाठवत राहतो, त्यामुळे यूडीपीची ३ मिनिटांची मुदत कधी संपतच नाही आणि फोन मुका राहतो. रूट बदलला की फायरवॉल > कनेक्शन्समधल्या त्या नोंदी नेटवॉचच्या स्क्रिप्टने काढून टाका.

---

राउटर_रखवाली

सिस्कोवर हेच आयपी एसएलए (ठरावीक वेळाने तपासणी) आणि ट्रॅकने (तिच्या निकालावर नजर) होतं. आयसीएमपी इकोची, म्हणजे पिंगची, फ्रिक्वेन्सी मुळात ६० सेकंद असते, ती ५ करा. टाइमआउट १००० मिलिसेकंद पुरतो. ट्रॅकला डिले डाऊन १५, अप १२० सेकंद. डिफॉल्ट रूटला ट्रॅक जोडा आणि बॅकअपचा रूट डिस्टन्स २५० देऊन तरंगता ठेवा.

इथे एक खड्डा आहे. ज्या पत्त्याला पिंग जातो त्याचा /३२ रूट फायबरकडे ठेवलात, पण फायबरचा इंटरफेसच पडला तर तो रूट टेबलातून जातो. मग पिंग बॅकअप लिंकवरून जाऊन यशस्वी होतो! ट्रॅकला वाटतं फायबर आली. इंटरफेस वर-खाली होत असेल तर या गोंधळात रूट झोपाळ्यासारखा हलतो. उपाय सोपा: त्याच /३२ साठी नल०कडे (जिथे गेलेलं पॅकेट फेकून दिलं जातं) जाणारा, डिस्टन्स २५४ चा दुसरा रूट. फायबर नसेल तर पिंग गाडला जातो, बॅकअपवरून निसटत नाही.

---

कोयनाकाठ

दोघांचे आभार. डीएनएस तर १.०.०.१ च दिलेला होता! बदलतो. एक शंका. २० सेकंद जास्त नाहीत का? १ सेकंदावर आणता येईल असं काही?

---

खांबावरचा

येईल, पण आणू नका. शेवटच्या टप्प्यात क्षणभर गर्दी झाली की दोन-तीन पिंग सहज गळतात. प्रत्येक वेळी ४जीवर उडी मारलीत तर बाहेरचा पत्ता बदलतो, चालू असलेली प्रत्येक टीसीपी जोडणी तुटते, बँकेचं पोर्टल पुन्हा लॉगिन मागतं. २० सेकंद थांबून कदाचित काहीच तुटलं नसतं.

जाताना १५ ते २० सेकंद, परत येताना निदान ५ मिनिटं सलग स्वच्छ पिंग. ही विषमता मुद्दाम ठेवायची. तुटलेली फायबर जोडताना स्प्लाइस करणारा (टोकं वितळवून जोडणारा) माणूस ट्रे बंद करेपर्यंत प्रकाश चार वेळा येतो-जातो.

मायक्रोटिकचा चेक-गेटवे मात्र पहिल्या यशस्वी पिंगला परत उडी मारतो. परतीचा विलंब हवा असेल तर नेटवॉचच्या अप स्क्रिप्टमध्ये ३०० सेकंद थांबा, पुन्हा तपासा, मगच फायबरचे रूट चालू करा. यासाठी तपासणीचा /३२ रूट वेगळा आणि कायम चालू ठेवा. बंद-चालू फक्त डिफॉल्ट रूट करायचे, नाहीतर तपासणी स्वतःचीच वाट बंद करते.

---

तरंग१४९०

सगळे वरच्या थरावर बोलताय, थोडं प्रकाशाकडे बघू. पूर्ण तुटण्याआधी बरेचदा दिवसच्या दिवस इशारा मिळत असतो, कोणी बघत नाही इतकंच.

ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) असते. जीपॉनच्या (घरोघरी येणाऱ्या फायबरच्या मानकाच्या) बी प्लस वर्गात ओएनटीला −८ ते −२७ डीबीएम चालतं. −८ पेक्षा जोरात असेल तर तेही वाईट, रिसीव्हर दिपतो. रोजच्या वापरात −१५ ते −२४ मध्ये असावं. बसवल्या दिवशीचा आकडा कागदावर लिहून ओएनटीलाच चिकटवा. त्या आकड्याशिवाय आजच्या −२५ ला काही अर्थ नाही. कायम −२५ असेल तर चालून जाईल, −१९ चा −२५ झाला असेल तर फोन करा.

उतार कसा झाला त्यावरून कारण सांगता येतं:

एकदम साडेतीन डीबी उतरून तिथेच स्थिर राहिला तर वाटेत कोणीतरी एकास दोनचा स्प्लिटर (प्रकाश वाटणारा जोड) घातलाय, शेजारी नवा ग्राहक आलाय.

हळूहळू, आठवडाभरात, पावसाळ्यात जास्त: जॉइंट बॉक्समध्ये पाणी किंवा कनेक्टरवर घाण.

टेबल सरकवल्यावर, कपाटाचं दार लावल्यावर: वाक. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा. लांब तरंगलांबी वाकातून जास्त सांडते, म्हणून तुमचा आरएक्स पडलेला असतो आणि पुरवठादाराकडच्या पडद्यावर तुमचा सिग्नल त्या मानाने बरा दिसतो. "आमच्याकडून ओके आहे सर" या वाक्याचा उगम बहुतेक वेळा इथे असतो.

−४० किंवा नुसत्या रेघा: प्रकाशच नाही. तुटली.

३ डीबी उतरणं म्हणजे निम्मा प्रकाश गेला. तेवढ्यावर सूचना लावा. आणि हिरवा कनेक्टर निळ्यात घालू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतो व्यवस्थित, पण मध्ये हवेची फट राहते आणि कित्येक डीबी जातात.

---

सुनीता_सर्व्हररूम

यातच माझा प्रश्न घुसवते. दोन इमारती, मध्ये दोन वेगळ्या फायबर, प्रत्येकीला दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी). स्विचवर दोन पोर्टांचा गट केला आहे. एक फायबर तुटली की अर्ध्या लोकांचं चालतं, अर्ध्यांचं नाही. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर वेगळं चित्र.

---

तरंग१४९०

ताई, तुमचा गट स्टॅटिक आहे, एलएसीपी (ज्यात दोन्ही टोकं एकमेकांशी बोलत राहतात) नाही. पैजेवर सांगतो. कन्व्हर्टरचा तांब्याचा पोर्ट स्विचला 'मी आहे' म्हणत राहतो. स्विच पत्त्यांच्या हॅशनुसार (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यानुसार) वाहतूक वाटतो आणि त्यातला निम्मा वाटा मेलेल्या फायबरमध्ये ओततो. कोणाचा हॅश कुठे पडला यावर कोणाचं चालणार ते ठरतं.

दोन उपाय आहेत, दोन्ही करा. कन्व्हर्टरवर लिंक फॉल्ट पास-थ्रू नावाचा डिप स्विच असतो, बऱ्याचदा एलएफपी किंवा एलएलएफ असं छापलेलं. दोन्ही टोकांना चालू करा, म्हणजे फायबर गेली की कन्व्हर्टर तांब्याचा पोर्टही पाडतो. जोडी एकाच मॉडेलची हवी, मिश्र जोडीत तो दुसऱ्या टोकापर्यंत पोचेलच असं नाही. दुसरं, गट एलएसीपीवर न्या आणि टाइमर फास्ट करा. स्लो टाइमरमध्ये ३० सेकंदांनी एक संदेश आणि तीन चुकल्यावर म्हणजे ९० सेकंदांनी पोर्ट गटाबाहेर. फास्टमध्ये १ सेकंद आणि ३ सेकंद. मात्र एलएसीपी आरपार जाऊ देणारे कन्व्हर्टर हवेत. साधे बहुतेक जाऊ देतात, मध्ये स्विच असलेले गिळतात.

बजेट असेल तर कन्व्हर्टर फेकून स्विचमध्येच एसएफपी (फायबर थेट स्विचला जोडणारं मॉड्यूल) लावा. प्रकाश गेल्याचं थेट स्विचला कळेल आणि डीडीएमवर (मॉड्यूलच्या स्वतःच्या मोजमापात) डीबीएमही दिसेल. दोन तारांच्या जोडीतली एकच तुटली तर एका टोकाचा आरएक्स ठीक आणि दुसऱ्याचा −४० दिसतो. १०जीमध्ये अशा वेळी रिमोट फॉल्ट सिग्नल दोन्ही बाजू पाडतो. १जीमध्ये ऑटो-निगोशिएशन चालू असेल तरच पाडतो, म्हणून १जी फायबरवर ते हौसेने बंद करू नका.

---

सुनीता_सर्व्हररूम

स्टॅटिकच निघाला. दोन राउटर व्हीआरआरपीवरही (मोठ्या प्रायॉरिटीचा मास्टर, तो पडला की दुसरा त्याची जागा घेतो) ठेवलेत. पहिल्याची बाहेरची लिंक गेली तरी तोच मास्टर राहतो. ट्रॅक लावला आहे, २० ने प्रायॉरिटी कमी होते.

---

राउटर_रखवाली

पहिल्याची प्रायॉरिटी किती, १५०? आणि दुसऱ्याची १००? मग १५० उणे २० म्हणजे १३०, अजून तोच मोठा. घट दोघांतल्या फरकापेक्षा जास्त हवी, इथे ६० ठेवा. दुसऱ्यावर प्रीएम्प्ट (प्रायॉरिटी मोठी झाली की मास्टरपद काढून घेणं) चालू हवं. आणि मास्टरला २५५ देऊ नका. तो आकडा पत्त्याच्या मालकासाठी राखीव आहे.

वेळेचा हिशेब: मास्टरची 'मी आहे' ही जाहिरात दर १ सेकंदाने. बॅकअप तीन जाहिराती आणि वर स्क्यू टाइम एवढा थांबतो. स्क्यू म्हणजे २५६ उणे प्रायॉरिटी, भागिले २५६. प्रायॉरिटी १०० असेल तर ०.६ सेकंद, एकूण ३.६.

दोन्ही राउटर एकाच वेळी मास्टर दिसले तर मधल्या स्विचकडे बघा. व्हीआरआरपी २२४.०.०.१८ वर बोलतो. आयजीएमपी स्नूपिंगने (गटाला पाठवलेले संदेश हव्या त्याच पोर्टांना देणाऱ्या सोयीने) हा पट्टा अडवायचा नसतो, पण काही स्वस्त स्विच अडवतात. दोघांनाही वाटतं समोरचा मेला. लॉगमध्ये ००-००-५ई-००-०१ ने सुरू होणारा मॅक (यंत्राच्या पोर्टाचा पत्ता) दोन पोर्टांवर नाचताना दिसला की समजायचं.

---

गळती_मोजणारा

एक बिघाड अजून कोणी घेतला नाही. लिंक मेलेली नाही, आजारी आहे. २० टक्के पॅकेट गळतायत. लागोपाठ तीन पिंग चुकल्यावर लिंक बाद, असा नियम असेल तर काय होतं? तीन सलग चुकायची वेळ सरासरी १५५ पिंगांनंतर येते. दर ५ सेकंदांनी पिंग म्हणजे जवळपास १३ मिनिटं. तेवढा वेळ सर्व्हर रडतखडत चालतो. मग लिंक बाद होते आणि पुढचा पिंग लागला की परत येते. सगळ्यांत वाईट वागणूक हीच.

यासाठी सलग चुका मोजू नका, खिडकीतली टक्केवारी मोजा. पीएफसेन्समध्ये (राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर) हे तयार मिळतं: दर ५०० मिलिसेकंदांनी पिंग, ६० सेकंदांची सरासरी, १० टक्के गळतीला इशारा, २० टक्क्यांना लिंक बाद. गेटवे ग्रुपचा ट्रिगर 'पॅकेट लॉस' वर ठेवायचा, मुळात असलेल्या 'मेंबर डाऊन' वर नाही. राउटरओएस ७ च्या नेटवॉचमध्ये प्रकार आयसीएमपी निवडला की पिंगांची संख्या आणि गळतीची मर्यादा देता येते. २० पिंग, २० टक्के, दर ३० सेकंदांनी अशी सुरुवात करून बघा.

---

कोयनाकाठ

हे करतो. आता शाखांचं. ४जी लागल्यावर कार्यालयात इंटरनेट चालतं पण शाखा जोडल्या जात नाहीत.

---

स्कोप_दहा

जाणारच नाहीत. मोबाईल कंपनी सीजीनॅटमागचा (अनेक ग्राहकांत वाटलेल्या एका सार्वजनिक पत्त्यामागचा) पत्ता देते, ४जी राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा दिसेल. बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. शाखा ज्या पत्त्यावर ठोठावतायत तो फायबरचा आहे आणि फायबर मेलेली.

मार्ग दोन. एक, ४जीऐवजी स्थिर पत्ता देणारी दुसऱ्या कंपनीची ब्रॉडबँड घ्या आणि प्रत्येक शाखेत दोन बोगदे उभारा, वर ओएसपीएफ (चालू असलेला रस्ता आपोआप निवडणारा). दोन, बाहेर डेटा सेंटरमध्ये स्थिर पत्त्याचा एक छोटा सर्व्हर घ्या. मुख्य कार्यालय आणि शाखा सगळे त्याला जोडतील. मुख्य कार्यालय ४जीवर गेलं तरी आतून बाहेर जोडणी करतं, सीजीनॅट आड येत नाही. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. बोगद्याचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४२० असतो, ४जीवर १३८० करा आणि एमएसएस क्लॅम्प (टीसीपीलाही त्या मापात बसवणं) लावा. नाहीतर लॉगिनचं पान उघडेल आणि मोठा अहवाल अर्ध्यात लटकेल.

पतसंस्थेचा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर उलगडायला नको असेल तर वायरगार्डच्या आत शाखा ते मुख्य कार्यालय वेगळा बोगदा टाका. दोन थर झाले की एमटीयू आणखी कमी होईल, तो हिशेब विसरू नका.

---

खांबावरचा

चाचणी घेताना ओएनटीतून फायबरची पॅच कॉर्ड काढा, ईथरनेट केबल नव्हे. टोकाला लगेच टोपी लावा आणि आत डोकावू नका, प्रकाश दिसत नाही पण असतो. लावण्याआधी टोक पुसा. दुसरी चाचणी, पॅच कॉर्ड जागेवर ठेवून राउटरच्या आउटपुट चेनमध्ये (राउटर स्वतः पाठवतो त्या वाहतुकीच्या फायरवॉल नियमांत) त्या दोन पत्त्यांकडे जाणारा आयसीएमपी ड्रॉप करा, म्हणजे पलीकडचा बिघाड झाल्यासारखं होईल. एका संगणकावरून दर ०.२ सेकंदाने तिसऱ्याच पत्त्याला पिंग चालू ठेवा. चुकलेले पिंग भागिले ५, इतके सेकंद गेले.

दोन्ही लिंक खरंच वेगळ्या आहेत का तेही बघा. ओएनटी आणि ४जी राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर एका बटणाने दोन्ही जातात. पुढे दोन फायबर घेतल्यात तर नुसती कंपन्यांची नावं वेगळी असून भागत नाही. दोघांची शेवटची तार त्याच खांबांवरून, त्याच केबलवाल्याच्या पेटीतून येत असेल तर एक जेसीबी पुरतो. चालत जाऊन बघा.

---

कोयनाकाठ

४जी राउटर खिडकीत ठेवला आहे, आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) −१०४. चालेल?

---

गळती_मोजणारा

जेमतेम. −९५ च्या वर आणायला बघा, एसआयएनआर (गोंगाटाच्या मानाने सिग्नल) १० च्या वर हवा. बाहेर अँटेना लावलीत तर केबल छोटी ठेवा, लांब केबलमध्ये कमावलेलं सगळं जातं.

पण सिग्नलपेक्षा सिमकडे लक्ष द्या. महिनोन्महिने न वापरलेल्या सिमचा प्लॅन संपलेला असतो. राउटरला टॉवर दिसतो, पत्ताही मिळतो, डेटा वाहत नाही. म्हणून ४जीच्या रूटलाही दूरच्या पत्त्याची तपासणी लावा, ८.८.४.४/३२ त्या गेटवेकडे, स्कोप १०, वरच्यासारखंच. नेटवॉचने तो पडला की मेल जाऊ द्या. फायबर चालू असतानाच बॅकअप मेल्याचं कळलं पाहिजे. रोज पहाटे एक छोटी फाइल ४जीवरून उतरवून घ्या, पिंग चालतो आणि डेटा नाही असंही होतं.

आणि ४जी लागल्यावर विंडोज अपडेट, सीसीटीव्हीचा क्लाउड बॅकअप आणि मोबाईलचं वायफाय अडवा. सर्व्हर, बोगदा आणि डीएनएस एवढंच सोडा. नाहीतर दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपेल.